सोळा कोअर कुणाला?

संगणकाच्या दुकानात माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. काउंटरवर दोन प्रोसेसर ठेवले होते.

"सोळा कोअरचा दादाला घेऊ. तुला सहाचा पुरे."

"आई, दादा फक्त गेम खेळतो. मी कार्टून फिल्म बनवते, आणि हे दोन्ही माझ्याच कमाईतून घेतोय आपण."

"त्याला मोठाच हवाय."

"काका, गेमला किती कोअर लागतात?"

"सहा भरपूर झाले. वरचे पैसे उगाच पाण्यात. फिल्मचं काम मात्र सोळावर निम्म्याहून कमी वेळात उरकेल."

"ऐकलंस, आई?"

"ऐकलं गं. पण त्याला राग आला की जेवत नाही तो."

"आणि मला आत्ता राग आलाय, त्याचं काय?"

"तू समजूतदार आहेस."

"लहानपणापासून हेच म्हणत माझ्या वाटचं त्याच्या पदरात घातलंस. आता नाही चालायचं."

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. काका, सोळाचा माझ्या मशीनमध्ये बसवा."

"अगं, त्याला काय सांगू मी?"

"फोन लाव. मीच सांगते."

आईनं फोन काढलाच नाही. ती दुकानदाराकडे वळली.

"सहावर त्याचे गेम अडकणार नाहीत ना हो?"