दोन बिल्ले

अमजद : कोंडिबामामा, खाणीतला दिवा जरा उजेडात सरकवा, काचेवर सावली पडतीय. हां, बास. आता टोपी त्याच्या शेजारी. आणि हे बिल्ले दोन कसे?

कोंडिबा : कुटले दोन?

अमजद : हे काय, तीनशे बारा आणि तीनशे तेरा.

कोंडिबा : गोजरा! ह्यो दुसरा कुटनं काढलास?

गोजराबाई : तुमच्याच ट्रंकंत, जुन्या कोटाच्या खिशात व्हता. चिंधीत बांधल्याला, काळाठिक्कर. दोन्ही चिंचंनं घासलं. अमजद पिरंगुटचं दुकान बंद ठिवून फोटू काढाया आलाय, मग जरा चकाकाया नगं?

कोंडिबा : तुला कुनी सांगितलंतं उकराया?

अमजद : असू द्या मामा, दोन्ही घेतो. चांद्याच्या कोळसा खाणीवाल्यांनी प्रदर्शनासाठी मागवलंय, वस्तू कुणाची तेही लिहा म्हणालेत. तीनशे बारा तुमचा, दिव्यावर तोच आकडा आहे. तीनशे तेराखाली कुणाचं नाव लिहू?

कोंडिबा : त्यो ऱ्हाऊ दे.

गोजराबाई : भिकू भावजींचा असंल. दोघं संगंच भरती झालंतं. पळून जाताना टाकला असंल त्या दळभद्र्यानं.

कोंडिबा : त्येला शिव्या देऊ नगं.

गोजराबाई : का नगं? तितं बाई ठिवली आन पळाला, समद्या कोळवणला ठावं हाय. भाताच्या लावणीला बाया अजून त्येच्या बायकूला, धोंडाबाईला, टोमणं मारत्यात.

कोंडिबा : पळाला न्हाई त्यो.

(अमजद कॅमेऱ्यावरून डोळा काढतो.)

कोंडिबा : अमजद, खाणीच्या तोंडाला खिळं ठोकल्याला फळा असतो. खाली उतरताना आपला बिल्ला खिळ्याला टांगायचा, वर आलं की काढायचा. पाळी सुटल्यावर ज्येचा बिल्ला फळ्यावर ऱ्हायला, त्यो मानूस खाली हाय. मग त्येला हुडकाया जायाचं.

अमजद : आणि बिल्ला नसला तर?

कोंडिबा : तर खाली कुनी न्हाई. आमचं खिळं शेजारी. जो आदी वर येईल त्येनं दोघांचं काढायचं, म्हंजी मागच्याला गर्दीत ताटकळाया नगं. रोजचंच व्हतं. त्या दिशी भिकू म्हनला, तू हो फुडं, चुन्याची डबी खाली ऱ्हायली, आलोच. मी वर आलो, दोन्ही बिल्लं काढलं, खिशात टाकलं. च्या घेतला. आन मागनं खाली खाणीचं छत कोसळलं.

गोजराबाई : अगं बया!

कोंडिबा : मुकादम फळ्याम्होरं आला. फळा रिकामा. म्हनला, देव पावला, समदी वर हायेत.

अमजद : तुम्ही काही बोलला नाहीत?

कोंडिबा : वाटलं, माझ्या मागनं वर येऊन खोलीवर गेला असंल. खोलीवर न्हवता. खिशात हात घातला तर त्येचा बिल्ला.

अमजद : तेव्हा तरी सांगायचं, मामा.

कोंडिबा : दुसऱ्याचा बिल्ला काढला म्हंजी नोकरी गेली, वर पोलीस. भ्यालो. म्हनलं सकाळी सांगू. सकाळी म्हनलं दुपारी. तिसऱ्या दिशी त्या बोगद्याचं तोंड इटांनी बंद केलं. इटा मीच हातानं फुडं दिल्या, अमजद.

गोजराबाई : आन गावात येऊन, पळाला म्हनून सांगितलंत?

कोंडिबा : मी न्हाई. लोकच म्हनले. मी मान हलवली.

गोजराबाई : मान हलवली! ती बाई वीस वरसं कुंकू लावून वाट बघतीया. सणाला त्याचं ताट वाढती. माझ्यापाशी रडली, तर मी तिला म्हनायची, असल्या मानसाचं नाव नगं घेऊस. ह्या तोंडानं म्हनायची!

कोंडिबा : लाज वाटती गं. ती ताकाला आली का मी गोठ्यात जाऊन बसतो. तुला वाटायचं, मला म्हशीची लई माया.

अमजद : मामा, हा बिल्ला ठेवून द्या. मी तुमच्या एकट्याच्या बिल्ल्याचाच फोटो पाठवतो. माझ्या तोंडून कुणाला काही कळणार नाही.

कोंडिबा : तसं जमंल?

अमजद : जमेल की. तुम्ही म्हणाल तसं.

गोजराबाई : जमवा. ती बघा, धोंडाबाई बांधावरनं ताकाला तांब्या घिऊन येतीया. पर आज तुमाला गोठ्यात जाऊ द्यायची न्हाई मी.

कोंडिबा : सांगितलं तर तिचं कुंकू जाईल, गोजरा.

गोजराबाई : जाईल. पर टाकल्याली बाई म्हनून मरायची न्हाई ती.

कोंडिबा : अमजद, ह्येचा फोटू काढ. खाली भिकूचं नाव लिव्ह.

अमजद : लिहितो. मामा, बिल्ला खाली ठेवा.

कोंडिबा : न्हाई, हातातच ऱ्हाऊ दे. या वहिनी, आत या. ताक मागनं न्या, आदी बसा. आपला भिकू कुटं पळाला न्हवता.