माहे इवाई वाल्टरभाऊ

माहं गाव रोहिणखेडच्या पलीकडे, मोताळा तालुक्यात, आता राह्यतो मेहकरले. मायबाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायले जात, आमचे घरं गावाच्या खालच्या अंगाले, बौद्ध लोकाईची वस्ती. विहीर गावाची होती पन आमची नव्हती, समजलं ना, वरच्या जातीची बाई उभी राहून मायच्या गुंडात, म्हंजे घागरीत, पानी वतून दे, तवा आमच्या घरी पानी. अन् मी शाळेतून आलो का मायचा पयला सवाल, भूक लागली का असा नाही, कोनाच्या पान्याले हात तं नाही लावला ना रे? मी नाही म्हनलं का मंग भाकर वाढे.

दहावी झालो, मेहकर डेपोत कंडक्टर म्हनून लागलो, बापानं वस्तीत गूळ वाटला. खाकी कपडे, खांद्याले पैशाची बॅग, हातात तिकिटाची पेटी, मले वाटलं आता सरकारी कपडे अंगावर हायत, आता कोन काय म्हनते. पन काय सांगू तुम्हाले, गाडी त्याच गावाईतून जाये, मानसं वळखीचे, आडनाव मालूम, तं काही म्हातारे पैसे हातात देतच नसत, वरून टाकत. चिल्लर खाली पडे, मी चालत्या गाडीत वाकून उचलो. तिकीट देतो म्हनलं तं म्हने ठेव बापा शिटावर. भांडलो नाही. भांडलो असतो तं गाडी उभी राह्यली असती, बाकीच्याईचा खोळंबा. मंग हळूहळू कमी झालं, म्हातारे गेले, पोरं आले, त्याईले काही वाटे नाही, नाही तं मनात वाटे अन् दाखवत नसत, मले काय मालूम.

मले एकच पोरगी, माया. तिची माय लवकर गेली. पोरगी नर्स झाली, अमेरिकेत गेली, अन् तिकडून एक दिवस फोन आला, बाबा, मले लग्न कराचं हाय, जेरोम नाव हाय त्याचं, कॉलेजात शिकवते, तिकडच्या काळ्या लोकाईतला हाय. मी म्हनलं तुले मान देते का? म्हने देते. म्हनलं मंग मले काऊन इचारून राह्यली, कर.

पन माहा लहाना भाऊ किसन. जयंतीले माईक हातात आला का समतेवर बोलते, चांगलं बोलते, लोकं टाळ्या वाजवतात, अन् माह्या घरी बसून म्हने, दादा, अमेरिकेतले गोरे मेले होते का, काळाच सापडला तिले? लेकरं काळे होतील, लोकं काय म्हनतील. मी म्हनलं किसन, जन्म पाहून आपल्या बापालेही लोकं असंच म्हनत होते, शब्द येगळे होते फक्त. तो चहा तसाच ठिवून उठला, अन् मंग कैक दिवस माह्या दाराले आला नाही. एका गल्लीत घरं हायत आमचे.

लग्न तिकडंच झालं, मंग मायाले दिवस गेले. माय नाही तिले, मंग बाळंतपनाले कोन जाईन, मीच निघालो. बाप पोरीच्या बाळंतपनाले चालला म्हनून लोकं हासले. शेजारच्या बाईनं डिंकाचे लाडू करून देल्ले, ते घेऊन गेलो.

तिथी भेटले माहे इवाई. इवाई म्हंजे पोरीचा सासरा, तुम्ही पुन्यावाले व्याही म्हनता. वाल्टर नाव, मी वाल्टरभाऊ म्हनो. उंच मानूस, चालनं हळू, आवाज खोल, त्याईचीही घरवाली गेलेली. शहराच्या बसवर डायवर होते, रिटायर झाले. मायानं सांगतलं का माहे बाबा बसवर कंडक्टर होते, तं उठले अन् मले छातीशी धरलं, घट्ट. त्याईले मराठी नाही, माही इंग्रजी तिकिटापुरती, पन रोज सकाळी मले शहराच्या बसमंधी फिरवायले नेत. अन् काहीही झालं तरी पयल्या शिटावर बसत, दाराजवळ. तिथं जागा नसली तं पुढंच उभे राहत, मागं सगळी गाडी खाली असली तरी.

मी मायाले म्हनलं, इचार बरं काऊन. त्याईनं मले शेजारी बसवलं. मंग सांगू लागले, माया मधात बसून मराठीत सांगे. ते लहान असताना दक्षिनेकडे राहत. त्याईची माय गोऱ्याईच्या घरी कपडे धुयाले जाये. तवा तिथं काळ्या मानसानं पुढच्या दारानं चढाचं, पैसे द्याचे, खाली उतराचं अन् मागच्या दारानं पुन्हा चढाचं, बसाचं मागंच. एक दिवस मायनं पैसे देल्ले, याईचा हात धरून खाली उतरली, मागच्या दाराकडे पळू लागली, अन् डायवरनं गाडी हाकलली. मुद्दाम. माय रस्त्यावर उभी. चाल म्हनली, अन् पायी नेलं. मी कंडक्टर मानूस हो, पैसे घेतलेला पॅसेंजर खाली अन् गाडी निघाली, हे मले ऐकूनच कसंतरी झालं. मीही मंग माह्या चिल्लरची गोष्ट सांगतली. ते ऐकून त्याईनं माहा हात धरला अन् सोडलाच नाही, लय येळ. माया आतमंधी निघून गेली, रडत असन.

तुम्ही म्हनसान हे जुनं झालं. मलेही तसंच वाटत होतं.

नातू झाला, आनंद नाव ठिवलं. एका सांजेले जेरोम अन् मी औषध आनायले गाडीनं गेलो. येताना मागून पोलिसाची गाडी, निळा लाल लाईट. जेरोमनं गाडी बाजूले घेतली, काच खाली केली, दोन्ही हात स्टेरिंगवर ठिवले, बोटं मोकळे, अन् मले हळूच म्हने, बाबा, हात, इथं. माहेही हात समोर ठिवायले लावले. पोलीस पोरगाच होता, जेरोमपेक्षा लहाना. बॅटरी तोंडावर मारली, एक हात कमरेच्या पिस्तुलाजवळ. जेरोम, कॉलेजातला मास्तर, दर वाक्याले सर, सर करे. पोलीस म्हने मागचा लाईट बंद हाय. कागद पाह्यले, सोडून देल्लं. जेरोमनं घरापोहत गाडी हळूहळूच चालवली. मी त्याच्याकडे पाहो, कपाळावर घाम, अन् थंडी असी का काय सांगू.

घरी आलो, वाल्टरभाऊले कळलं. त्याईनं काय झालं हे इचारलं नाही, कोनाची चूक होती हे इचारलं नाही. पयला सवाल, तुहे हात कुठी होते? जेरोम म्हने स्टेरिंगवर. मंग त्याईनं श्वास सोडला. तवा मले माही माय आठवली, दारात उभी. सातासमुद्रापलीकडे एक बाप आपल्या पोराले तोच सवाल करून राह्यला होता. मंग बापलेक दोघं बाहेर गेले, गाडीचे लाईट लावून पाह्यले. मागचे दोन्ही जळत होते.

माया म्हने, बाबा, आनंद मोठा झाला का त्यालेही हे शिकवा लागन, हात कुठी ठिवाचे. मी आनंदले उचलून घेतलं. 

आता मी परत मेहकरले हाव. औंदा किसन घरी आला, आपला आपला आला, मी बोलावलं नव्हतं. नातवाचा फोटो मागतला, लय येळ पाहत बसला, मंग म्हने, दादा, नाक आपल्या घरचं हाय. मी चहा ठिवला. जुनं काही काढलं नाही, त्यानंही नाही.

ऐतवारी माया फोन लावते, त्यात तोंड दिसते. वाल्टरभाऊ मले बर्फ दाखवतात, मी त्याईले अंगनातला लिंब दाखवतो. गुडघे दोघाईचे गेले. मांगच्या ऐतवारी आनंद त्याईच्या मांडीवर बसेल होता, अन् ते मायाले म्हने, तुह्या बाबाले इचार, या पोराले बरे दिवस दिसतीन का? मायानं मले मराठीत सांगतलं. मी तिच्या इंग्रजीची वाट नाही पाह्यली, मीच मोठ्यानं म्हनलं, येस, भाऊ, येस. खरं का खोटं, मले काय मालूम. पन मांडीवर लेकरू बसेल असलं तं मानसानं दुसरं काय म्हनावं, तुम्हीच सांगा.