गाई गाई म्हणजे झोप

मंडळी, जरा पुढे सरका, मागच्यांना बसू द्या. आणि मला एक सांगा. इतका वेळ आपण देवाचं नाव घेतलं, ते काही संपत नाही. पण आपलं नाव? आपलं काम उरलं आणि त्यावरचं नाव पुसलं गेलं, तर आपण उरलो की गेलो? असू द्या. गोष्ट ऐका.

सासवडला मधुसूदन पारखी म्हणून गृहस्थ. टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांची बायको कमलिनी, बालवाडीच्या बाई. चाळीस पोरं दुपारी एका सतरंजीवर झोपवायच्या! आमच्या कीर्तनात लोक आपोआप झोपतात, तो भाग वेगळा. तर बाईंनी एका वेबसाइटवर आपलं पान केलं होतं — ‘बाळ गाई गाई कसं करेल?’ बाई सांगायच्या, पारखी टाइप करायचे.

बाई गेल्या. पारखी रोज दुपारी जेवण झालं की फोनवर शोधायचे, ‘बाळ गाई करत नाही’. की पहिलंच पान बाईंचं, खाली त्यांचं नाव. ते वाचायचं आणि आडवं व्हायचं. डोळा लागता लागता त्यांना ती सतरंजी दिसायची, निजलेली पोरं, आणि मधून अनवाणी फिरणारी बायको. एवढंच सुख होतं त्यांना, आणि ते पुरत होतं.

मग बातमी आली — वेबसाइट महिनाअखेर बंद. आणि त्याच सुमारास शोधायची तऱ्हाही बदलली. पानं नंतर, आधी यंत्रच उत्तर देणार. पारखींनी विचारलं, ‘बाळ गाई करत नाही, काय करू?’ यंत्र म्हणालं, ‘गाई घेताना दात तपासावेत. गोठा कोरडा ठेवावा.’

हसा, हसा! पारखीही हसले. मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. पान वहीत उतरवून घेतलं होतं हो त्यांनी. पण वहीत कोण शोधायला येतं? कुणीतरी अडल्यावर कमलला विचारावं, तिचं नाव वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

उत्तराखाली एक चौकट होती, ‘उत्तर चुकलं का?’ पारखींनी लिहिलं, ‘चुकलं. गाई गाई म्हणजे झोप.’ मग रोज बाईंचं एकेक वाक्य त्या चौकटीत घातलं, खाली नाव — कमलिनी पारखी. महिना संपला, पान गेलं. पारखींची दुपारची झोपही गेली.

पुढे एका दुपारी शेजारची गौतमी तान्ह्याला घेऊन त्यांच्या व्हरांड्यात आली. बाळ रडून लाल झालेलं. ‘काका, दोन तास झाले, गाईच करत नाही हो,’ म्हणाली, आणि तेच तिनं फोनला विचारलं. फोन बोलला, ‘गाई गाई म्हणजे झोप. बाळाला गप्प करू नका, आधी आपला आवाज विझवा. मग पाठीवर हात ठेवा. थापटू नका, नुसता ठेवा.’

पारखी उभेच राहिले. ‘आवाज विझवा’ — असं मराठी सबंध सासवडात एकच बाई बोलायची! टाइप करताना त्यांनीच हटकलं होतं, ‘कमल, दिवा विझतो, आवाज नाही विझत.’ आणि ती म्हणाली होती, ‘तुम्ही लिहा तर.’ यंत्रानं ते चौकटीतून घेतलं की कुठून, मला विचारू नका, मी कीर्तनकार आहे. नाव मात्र कुठेच नव्हतं.

अगं, ही माझी बायको बोलतेय — पारखींच्या अगदी ओठांवर आलं. तोंड उघडलं. तेवढ्यात गौतमीनं हात ठेवला, आणि बाळाच्या पापण्या जड झाल्या. आता बोलावं तर बाळ जागं होणार, न बोलावं तर कमलचं नाव कुणाला कळणार? तुम्ही काय केलं असतं?

पारखींनी तोंड मिटलं आणि ते हळूच खाली बसले. बायकोचं ऐकलं त्यांनी, बहुधा जन्मात पहिल्यांदा. बाळाचा श्वास संथ झाला. गौतमीचीही मान कलली. कितीतरी दिवसांनी पारखींचे डोळे मिटू लागले, आणि त्यांना वाटलं, सतरंजी इथवर आलीय, आत्ता कुणीतरी अनवाणी आपल्या मागून गेलं.

मंडळी, आपण देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतो. वारा कुणी बघत नाही, नाव वाचायला पंखा थांबायची वाट बघतो! मीही त्यातलाच. पत्रिकेवर माझं नाव बारीक छापलं म्हणून सकाळी रुसलो होतो, खोटं कशाला सांगू. आता त्या खांबापाशी बघा. त्या माउलीच्या मांडीवर लेकरू पेंगलंय. गजर करायचाच आहे, पण टाळ खाली ठेवा, ओठ मिटा, मनातल्या मनात म्हणा. मीही थांबतो. आधी आपला आवाज विझवू या.