आगवाल्याची अंघोळ

...आता तुम्हीच सांगा, शेवटची भाकरी अर्धी कच्ची असताना चुलीतलं लाकूड ओढून त्यावर पाणी मारणाऱ्या बाईला काय म्हणायचं? वर मलाच सांगते, "अवो, निखाऱ्यावर व्हतीय ती, जरा दम धरा." मी म्हटलं, अगं, जळू दे की जरा. तर कमरेवर हात ठेवून, "लाकडं काय झाडाला लागतात?"... आता याला माणसानं काय उत्तर द्यायचं? एकदा मी विचारलं होतं, मग कशाला लागतात म्हणून, तर ती रात्र कोरड्या भाकरीवर काढली. तेव्हापासून मी आपला गप्प.

आमच्या घरातली ही. शेवंती. चारचौघांत बायकोचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आमच्या लालबागच्या चाळीत ज्याची त्याची 'घरातली'च, मग कुणाचं गाऱ्हाणं ते कळायचं कसं? म्हणून एकदा घेतलं. बाई लाखात एक, खोटं कशाला बोलू, पण जळणाची गोष्ट निघाली की संपलं. दिव्याची वात इतकी खाली की पानात काय वाढलंय ते चाखल्यावर कळतं. चूल पेटवायची तर शेजारच्या काशीबाईकडून निखारा आणायचा, म्हणजे आपली काडी वाचली.

अन् नवरा कोण? तर आगवाला. दिवसभर गिरणीतल्या बायलरच्या तोंडाशी उभा राहून मी फावड्यानं कोळसा फेकतो, तो विलायती बायलर खातो, खातो, ढेकर म्हणून देत नाही, अन् तिथं कुणी म्हणत नाही, कुशाबा, जपून. उलट साहेब ओरडतो, "ए कुशाबा, और डालो!" अन् घरी आलो की काटकीन् काटकी मोजून.

बरं, सगळीकडे वाचवते ना, मग माझ्या अंघोळीला का नाही? तुम्हाला सांगतो, दिवसभर भट्टीपुढं भाजून निघालेल्या माणसाला काय हवं असतं? एक घागर गार पाणी. नळाचं. बस. पण मोरीत जाऊन बघावं तर वाफा निघतायत. अगं, मी आगीतनंच आलोय ना? "म्हणूनच. तापल्या अंगावर गार पाणी घेतलं की बाधतं. काशीबायच्या दिराचं काय झालं, इसरलात?" काशीबाईच्या दिराचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. गावी आंब्याच्या झाडावर सरसर चढतो तो...

तर मागच्या पावसाळ्यात वखारीतनं ओलं लाकूड यायला लागलं, अन् चुलीवर कुळीथ. कुळीथ आपण खातो, पण त्याआधी कुळीथ लाकूड खातात. फुंकून फुंकून हिचे डोळे लाल, मला बघवेना, मी सहज बोलून गेलो, आमच्याकडे भट्टीतनं ओढलेल्या निखाऱ्यांच्या राशी पडून असतात, मडकं ठेवलं तर आपोआप शिजेल. बोललो अन् जीभ चावली. दुसऱ्या दिवशी मडकं तयार, फडकं बांधून. म्हटलं, नेतो, पण मला गार पाणी. "बगू," म्हणाली. आता बायको 'बघू' म्हणाली म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको, पण आशा वाईट...

अन् कुळीथ असे शिजले की वास चाळभर. लगेच काशीबाई दारात, "कुशाबाभावजी, माझे वाल तेवढे." मग वरच्या माळ्यावरचे वाटाणे. मग कुणाचे चणे. शेवटी माझ्या खांद्यावर कावड. माझा जोडीदार लहू म्हणायचा, "अरे कुशा, गिरणीत कामाला येतोस का खानावळ काढलीस?"

अन् एक दिवस काशीबाईनं झाकण पिठानं लिंपलं, पक्कं, वाल लवकर शिजावेत म्हणून. आत वाफ कोंडली, अन् नेमका साहेब फेरीला. मडक्यानं शीऽऽ करून शीळ घातली. आता बायलरजवळ शीळ ऐकली की साहेबाला दुसरं काय सुचणार? टोपी तिथंच टाकून पळाला, "बायलर फटेगा, भागो!" अन् सगळी गिरणी त्याच्या मागं. मी वाटेत उभा राहून सांगतोय, अहो, वाल आहेत, वाल... ऐकतो कोण? तेवढ्यात फट्! परत येऊन साहेब बघतो तर टोपीत वाल. शिजलेले मात्र उत्तम. "ये क्या है?" माझी नोकरी गेलीच होती हो, पण लहूनं हात जोडले, "साहेब, पूजा. बायलरदेवीको परसाद." पूजा म्हटल्यावर साहेब दचकला, आमच्या देवाधर्मात गोरा माणूस हात घालत नाही. टोपी झटकली अन् म्हणाला, "पूजा साल में एक बार. दसरा. समजा?"

नोकरी वाचली, मडकी बंद. घरी आलो. हिला सगळं सांगितलं, आता चाळभर माझा उद्धार होणार म्हणून मान खाली घालून उभा. तर हिनं माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "भाजलं तर नाय ना कुटं?" एवढंच. तुम्हाला सांगतो, मी विरघळलो. या बाईसाठी आणखी चार कावडी वाहिल्या असत्या. तेवढ्यात धीर करून विचारलं, मग... गार पाणी?

"गार?" म्हणाली. "अवो, पावसाळाभर एवढं लाकूड वाचवलं ते कुणासाटी? आता तुमचं पाणी नीट तापवता यील. इतके दिस कोमटच देत व्हते, जीव तुटायचा माजा."

कोमट. ते कोमट होतं.

मोरीत गेलो. बोट घातलं, काढलं. शेजारची गार पाण्याची कळशी आवाज न करता उचलली, म्हटलं थोडं विसण घालावं... तर बाहेरून, माझ्याकडे पाठ असताना, चुलीपुढनं आवाज, "कळशी ठेवा खाली. एवढं जाळून तापवलं ते गार करायला व्हय? लाकडं काय झाडाला लागतात?"

मी आपला गप्प. घेतलं अंगावर.