वाटाण्याचा धडा राहिला आहे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चालक पंजाबरावभाऊ, मंचावरचे सरपंच हिंमतरावभाऊ, सगळे गुरुजन, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते जीवशास्त्राचे धम्मरत्न सर, खाली सतरंजीवर बसलेल्या आयाबाया, बापमाणसं आणि बारावी सायन्सच्या लेकरांनो, तुम्हा सगळ्यांना गोजरबाईचा नमस्कार.

पालकांच्या वतीनं दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. एवढे शिकलेले पालक सोडून माझ्याकडेच का आले? कारण शिकलेल्यांना आज सगळ्यांनाच काम निघालं. असो. हा माईक जरा लांब धरते, त्याची-माझी ओळख नाही.

सरांबद्दल चांगलं बोलायचं आहे, तर बोलते. सहा वर्षं हा माणूस इथं तासाच्या पैशांवर शिकवत राहिला. आता गोंदियाकडे कायमची नोकरी लागली, उद्या सकाळी हजर व्हायचं आहे. आनंदाची गोष्ट आहे, टाळ्या वाजवा. वाजवल्या? आता ऐका. बारा दिवसांवर लेकरांचा पेपर आहे आणि वाटाण्याचा धडा राहिला आहे.

माझी नात अनुपमा पहिल्या रांगेत मान घालून बसली आहे. सराव परीक्षेत तिला सत्तरपैकी एकोणीस पडले. तिला नर्सिंगला जायचं आहे. तिचा बाप, म्हणजे माझा गोकुळ, म्हणाला, "पास नाही झाली त दुसऱ्या दिवशीपासून आजीसंगं जाळीत." जाळी म्हणजे शेडनेट. तिथं आम्ही बाया टोमॅटोचं संकरित बी तयार करतो. चिमट्यानं कळी उघडायची, आतला नर काढायचा, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. वीस वर्षं झाली मला. आता डोळ्याला पाणी येतं, चिमटा हलतो. त्या चिमट्याची मला लाज नाही. पण तो पोरीच्या हातात मीच दिला, असं व्हायला नको.

मीच का म्हणते? सांगते.

यांचं पुस्तक इंग्रजी. अनुपमा धरून वर्गातल्या चौघी आमच्या ओट्यावर बसून पोपटासारखं पाठ करत. सरांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "आजीला सांगा. आजीला समजलं की पुढं जा." तेव्हापासून मी मधे बसते आणि वाक्यावाक्याला विचारते, "म्हंजे काय?" मला कळलं नाही, म्हणजे पोरींना आलं नाही. पोरी पार कावून जातात माझ्यावर.

मग फुलांचा धडा आला. मी म्हटलं, "हा माह्याकडून ऐका." पुस्तकात होतं, नर काढल्यावर फुलावर पिशवी बांधावी. मी म्हटलं, "काऊन वं? पिशवीचं काय काम? वरतून जाळी आहे ना!" चौघींनी पेपरात तसंच लिहिलं. चौघींचे मार्क गेले. सर पेपर घेऊन थेट जाळीत आले. मला वाटलं, आता बोलतील. ते वाकून माझे हात बघत राहिले आणि म्हणाले, "आजी, तुमचं बरोबर आहे. पण पेपर तपासणारा तुमच्या जाळीत येणार नाही."

"मंग त्याले बोलवा," मी म्हटलं. सर हसले. मी घरी आले आणि पोरीचे माझ्यामुळं किती गेले, ते बोटांवर मोजत बसले.

म्हणून मागच्या आठवड्यात सरांना गाठलं. बारा दिवस थांबा म्हटलं, आमच्या ओसरीत राहा, भाकर माझ्या हातची. आज त्यांची आई अंबूबाई इथं आली आहे, ती बघा खांबाजवळ. मघाशी माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्ही लई जीव लावला त्याले. पण आता अडवू नका. सहा वर्षं वाट पाह्यली मी." आता सांगा, माझ्या नातीसाठी मी तिच्या लेकाला धरून ठेवू? कोणत्या तोंडानं?

जा सर. मी अडवत नाही.

पण तुमची मलकापूर स्टेशनला जाणारी गाडी इथून साडेपाचला. आता तीन वाजले. या कागदावर अजून पाच भाषणं आहेत म्हणतात, मग शाल, मग नारळ. पंजाबरावभाऊ, तुमचं भाषण चांगलंच असतं. मागच्या वर्षी ऐकलं, त्याच्या मागच्या वर्षीही तेच ऐकलं. हिंमतरावभाऊ, तुमचं पेपर झाल्यावर ठेवू, मी सगळ्यात पुढं बसते. हे अडीच तास लेकरांना द्या. हात जोडते. याच्यापेक्षा जास्त मागायला माझ्याजवळ तोंड नाही.

सर, खाली काय पाहता? अडीच घंट्यांत होते का तो धडा? पुरा नाही होत? निम्मा? निम्मा त निम्मा.

मलेही ऐकायचा आहे तो. संकरित झाडाचं बी घरी ठेवून पेरलं की एक झाड उंच निघते, एक बुटकं, एक भलतंच. काऊन? वीस वर्षं ते बी मी या हातांनी काढून राह्यले, अन् हे विचारायले माणूस नाही भेटला. अनुपमा म्हणते, त्याच वाटाण्याच्या धड्यात आहे. मी मधेमधे विचारीन, "म्हंजे काय?" कावू नका.

सर, सगळ्या पालकांच्या वतीनं तुमचे उपकार मानते. अंबूबाई, तुमचेही. मंचावरच्या मोठ्या माणसांचा माझ्या बोलण्यानं मान गेला असेल, तर म्हातारी समजून पोटात घाला.

अनुपमा, डोळे पूस, ऊठ. त्या फळ्यावर रंगीत खडूनं फुलं काढून काय लिहिलं आहे, मला वाचता येत नाही. जे असेल ते पुसून टाक.