तेवढं एक झालं की गाडी रस्त्यावर

...आणि वर मलाच विचारतात हो, 'काय प्रफुल्ल, गाडी कुठवर आली?' कुठवर येणार? गॅरेजमध्ये आहे! फेब्रुवारीपासून जिथं होती तिथंच आहे, आणि माझी रोजची गाडी बाहेर बर्फात उभी, आणि मी सकाळी ऑफिसला जाताना काचेवरचा बर्फ खरवडतोय... कशानं? स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं! कारण स्क्रेपर त्या गाडीच्या मागं पडलाय आणि तिथं हात पोचत नाही. पण मी आपलं ठरलेलं उत्तर देतो, हसून देतो, 'अरे, तेवढं एक झालं की गाडी रस्त्यावर!'

आता ही गाडी घेतली का, तर त्याचं कारण माझे बाबा. भानुदास नाव त्यांचं. नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं मेकॅनिक. त्यांच्या पान्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं असायचं, कुठल्याशा रद्दीतल्या मासिकातलं. लाल गाडी, जमिनीला पोट टेकलेली, दोनच दारं, दोनच सीटं. मी लहानपणी विचारायचो, 'बाबा, हे काय आहे?' म्हणायचे, 'कॉर्व्हेट म्हणते तिले. अमेरिकेत राहते.' जशी काही आत्याच आहे आमची! मग मी अमेरिकेत आलो, नोव्हायला घर झालं, बाबा एप्रिलमध्ये पहिल्यांदा येणार ठरलं, आणि मला एका शेतकऱ्याच्या कोठारात ती दिसली. बाहत्तर सालची, लाल... म्हणजे कोंबड्यांनी जिथं जिथं सोडलं होतं तिथं तिथं लाल. मला फक्त एकदा, एकदाच हो, बाबांना त्या गाडीत चालवायला बसवायचं होतं आणि आपण शेजारच्या सीटवर बसायचं होतं. एवढीच हौस. पाप केलं का काही?

उपासना, म्हणजे माझी बायको, गाडीकडे बघून एवढंच म्हणाली, 'प्रफुल्ल, इंजिन कुठंय?' म्हटलं, आहे ना, त्या चार खोक्यांत आहे. 'आणि वायरिंग?' वायरिंग उंदरांनी खाल्लं. तेवढं एक झालं की गाडी रस्त्यावर!

आणि काळजी कसली हो? मी नोव्हायमध्ये राहतो! इथं दगड मारला तर गाडीच्या इंजिनिअरला लागतो आणि तो 'आई गं' म्हणून मराठीत ओरडतो! मी स्वतः पंधरा वर्षं गाड्यांमध्ये काढली. काय करतो? सीटबेल्ट नाही लावला की ते टिंग, टिंग, टिंग वाजतं ना? ते मी. नाही, आख्खा सीटबेल्ट नाही, फक्त टिंग. किती वेळा, किती मोठ्यानं... पंधरा वर्षं! मग मदतीला आला शंतनू, पुण्याचा. त्याला वीस वर्षांचा अनुभव. कशाचा? दाराच्या कडीचा. डाव्या. 'उजव्याची टीम वेगळी आहे रे.' मग रुचा आली, हुशार पोरगी, हातात स्पॅनर धरायची पद्धतच वेगळी. म्हटलं, तू काय करतेस? म्हणाली, 'क्रॅश टेस्ट.' म्हणजे ही गाड्या भिंतीवर आपटते! त्याचा पगार घेते!

तर आमच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी असे दहा-बारा जण. फोल्डिंगच्या खुर्च्या, उपासनाचे पोहे, आणि शंतनूनं ऑफिसमधून आणलेला भलामोठा व्हाइटबोर्ड. त्यावर मधोमध लिहिलं, 'रूट कॉज?' आणि भोवती बाण. मे महिनाभर आम्ही बाणच काढत होतो. गाडीला हात कोणी लावला नाही, कारण आधी अलाइनमेंट पाहिजे. गाडीच्या चाकांचं नाही हो... आमचं! आमच्या मतांचं!

आणि बाबा? बाबा कोपऱ्यात बादली उलटी टाकून त्यावर बसलेले. एकदा म्हणाले, 'काऊन रे, हा कार्बोरेटर...' तर शंतनू लगेच, 'काका, तुम्ही आराम करा हो. एसटीचं वेगळं, ही अमेरिकन गाडी आहे.' बाबा म्हणाले, 'हो का? बरं.' आणि पोह्यावर लिंबू पिळलं. आणि मी... मी काय बोललो? मीपण म्हटलं, 'हो बाबा, तुम्ही बसा.' छत्तीस वर्षं ज्या माणसाच्या हाताला ग्रीस होतं, त्याला मी बस म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

पण जूनमध्ये चमत्कार झाला! शंतनूनं किल्ली फिरवली आणि गुर्र गुर्र गुर्र... सुरू नाही झाली, पण गुर्र तर केलं! आम्ही टाळ्या वाजवल्या, केक कापला! खोक्यांतलं इंजिन बसवलं, वायरिंग जोडलं कोणी? शंतनूला वाटलं रुचानं, रुचाला वाटलं शंतनूनं, मला वाटलं दोघांनी. कोणी कोणाला विचारलंच नाही, कारण श्रेय सगळ्यांनाच मिळत होतं. म्हटलं, आता नुसतं गुर्रच्या पुढं जायचंय, तेवढं एक झालं की गाडी रस्त्यावर!

त्यात जुलैमध्ये कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र. 'आपल्या घरातून गुरुवारी दुपारी इंजिनचा मोठा आवाज येतो.' माझं डोकंच फिरलं! मी उलट दोन पानी पत्र लिहिलं, फोटो जोडले, की महाशय, आमची गाडी बंद आहे, बंदच असते, दहा इंजिनिअर साक्षीला आहेत! बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'चांगलं लिहिलं.' आणि त्यांच्या नखांत काळं. म्हटलं, हे काय? 'वांग्याचे रोपं लावून राहिलो.' वांगी? आमच्या अंगणात आजतागायत एक वांगं उगवलं नाही!

मग सप्टेंबर संपत आला. तिकीट पुढं ढकला म्हटलं, तर ऐकतील तर बाबा कसले! 'दसऱ्याले मी दीक्षाभूमीवर पाहिजे. आजवर एक वर्ष चुकलं नाही.' शेवटच्या शनिवारी आम्ही सगळे घामाघूम. गुर्र गुर्र गुर्र... ठप्प. गुर्र गुर्र... ठप्प. बोर्डावर बाण काढायला जागा उरली नाही. विमानतळावर मी बाबांच्या पाया पडलो आणि रडलोच हो. म्हटलं, 'बाबा, गाडीत नाही बसवू शकलो तुम्हाला.' त्यांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, 'होते बापा. पण आता पुन्हा काही येणं होत नाही माझ्यानं. लय लांब आहे तुमची अमेरिका.'

घरी आलो तर शेजारचा डग. रिटायर्ड माणूस, सत्तरीचा. म्हणतो... म्हणजे इंग्रजीत म्हणतो, पण मला ऐकू मराठीतच आलं... म्हणतो, 'तुझे बाबा गेले? अरेरे. आता गुरुवारी मला त्या गाडीतून कोण फिरवणार?'

कोणत्या गाडीतून?

'लाल! काय चालवतात रे! दर गुरुवारी, कॉलनीच्या त्या टोकापर्यंत आणि परत!'

मी तिथंच ड्राइव्ह-वेवर बसलो. बाबा पोचल्याबरोबर फोन लावला. 'बाबा! गाडी चालू होती?' म्हणाले, 'जूनपासूनच चालू आहे.' 'मग शनिवारी का सुरू होत नव्हती?' 'शुक्रवारी मी त्यातला एक तुकडा काढून ठेवत जाओ.' स्पार्क वाटून देणारी एक डबी असते हो इंजिनवर, तिच्या आत अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो नसला की नुसतं गुर्र! एसटी डिझेलची, तिला ही डबी नसते, पण बाबांना वर्कशॉपच्या साहेबांच्या पेट्रोल जीपमुळं माहीत. आणि ती डबी आमच्यापैकी एकानंही उघडली नव्हती, कारण ते कोणाचं डिपार्टमेंटच नव्हतं! म्हटलं, 'कुठं ठेवलाय?' म्हणाले, 'तुमच्या त्या बोर्डाच्या मांगं. टेपनं चिकटवला आहे.'

रूट कॉजच्या मागं! चार महिने आम्ही त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो!

म्हटलं, 'पण का, बाबा?' म्हणाले, 'तुम्ही दोघं सोमवार ते शुक्रवार ऑफिसात. शनिवारी गॅरेज भरे. पोट्टे भांडत, हसत... वर्कशॉपसारखं वाटे रे. गाडी सुरू झाली असती तर आले असते का ते?'

फोन कानाला तसाच धरून मी बोर्डामागं हात घातला. होता, टेपसकट तिथंच!

आणि मग म्हणतात, 'एप्रिलमध्ये येतो मी. अर्धवट काम टाकून आलो, यावंच लागते. तोवर तो तुकडा लावू नको.'

म्हणजे बघा, आता लावावा तर बाबा येणार नाहीत. बाबा आल्यावर लावावा तर शनिवारी कोणी येणार नाही. शंतनू अजून दर आठवड्याला विचारतो, 'काही प्रगती?' आणि तो तुकडा माझ्या खिशात, आणि मी म्हणतो, 'नाही रे, तेवढं एक झालं की...' त्याला सांगू नका हं, तुम्हाला म्हणून सांगतोय.

एकच वाट उरली होती. बाबांना म्हटलं, एप्रिलमध्ये मी गुरुवारी सुट्टी टाकतो, मला न्या सोबत. म्हणाले, 'ये ना. पण डगले आधीच कबूल केलं आहे... आणि गाडी दोन सीटांची आहे बापा. तू असं कर, त्या टोकाला उभा राह्य. आम्ही हात दाखवतो.'