कुर्स्कच्या आजी

अगं, काल वॉर्डमध्ये काय झालं ते आधी ऐक. नव्वदीच्या एक आजी आहेत, लहानपणी युद्धात रशिया सुटला आणि जर्मनीतून इथे कॉव्हेंट्रीला आल्या. हिपचं ऑपरेशन अर्जंट होतं, पण घाबरून त्या फक्त रशियन बोलत होत्या आणि कन्सेंट फॉर्मवर सही करेनात. मी एमबीबीएस रशियात केलंय हे नर्सला आठवलं, म्हणून तिने मला बोलावलं.

मी रशियनमध्ये विचारलं, "आजी, तुमचं गाव कुठलं?"

"कुर्स्क. तुला कुठून माहीत असणार?"

"अहो, मी सहा वर्षं तिथेच होते. रोज ट्रामने कॉलेजला जायचे."

त्यांनी माझा हातच धरला. "ट्राम अजून चालते?"

"चालते की."

आजी नर्सकडे वळल्या आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "ही आमच्या गावची मुलगी आहे. कुठे सही करू?"